पहिली फ्रेम

४ जुलै

लेकीचा फोन. नव्या घराचा हॉल रंगवून झालाय, समोरच्या भिंतीवर आईचा मोठा फोटो लावायचाय, एक चांगला शोधून ठेवा म्हणाली. वर टोमणा: बाबा, तुम्ही एवढे फोटोग्राफर आणि आईचा एक धड फोटो आपल्याकडे नाही. हिला जाऊन वर्ष होत आलं आणि आता हे ऐकायचं. मी म्हटलं, एक काय घेऊन बसलीस, हजारो काढलेत. निगेटिव्हची तीन कपाटं काय उगाच भरलीत? फक्त हात घालायचा अवकाश.

सप्टेंबरच्या शेवटी ती स्वतः न्यायला येणार आहे. खरं म्हणजे हे दोन दिवसांचं काम.

ठराव: उद्या सकाळी चहा झाला की कपाट उघडायचं.

५ जुलै

हवा दमट. दमट हवेत निगेटिव्हला हात लावत नाहीत. हे डिजिटलवाल्यांना कळायचं नाही.

९ जुलै

सुरुवात सोप्यापासून करावी म्हणून लग्नाचा अल्बम काढला. आमच्या लग्नात फोटो काढायला माझा एक मित्र होता. त्याला अँगलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक फोटोत मी हात लांब करून त्याला कुठे उभं राहायचं ते सांगतोय. ही माझ्या हातामागे. एका फोटोत कपाळ दिसतं. एकात नुसती वेणी.

ओळखपत्रावरचा फोटो आहे, पण त्यात ती काहीतरी चोरताना सापडल्यासारखी दिसते. लेकीच्या फोनमध्ये आहेत म्हणावं तर प्रत्येकात हिचा पंजा पुढे, माझा नको काढू म्हणून. सवयच होती तशी. कॅमेरा दिसला की उठून जायची.

असू दे. कपाटं आहेत.

१३ जुलै

पहिलं कपाट उघडलं. निगेटिव्ह खिडकीसमोर धरून बघायची, ही माझी जन्माची कला. पूर्वी एका नजरेत कळायचं कोण आहे, कुठल्या लग्नातलं आहे. आज नुसती पांढऱ्या डोळ्यांची काळी माणसं दिसली. काचेचा दोष असावा. खिडकी पुसून घेतली. तीच माणसं.

शेजारचा झेरॉक्सवाला चहाला आला होता. स्कॅनर घ्या म्हणाला, सगळं स्क्रीनवर मोठं दिसेल. मी सांगितलं, आमच्या धंद्यात अंधारात हात चालवावा लागतो, बटण दाबून कागद बाहेर काढणं म्हणजे फोटोग्राफी नव्हे, त्याला झेरॉक्स म्हणतात. त्याने चहा अर्धा ठेवला आणि गेला. उगाच राग मानून घेतात लोक.

१७ जुलै

स्कॅनर घेतला. नोंद करून ठेवतो: फक्त शोधाशोधीसाठी. याला डिजिटलकडे जाणं म्हणत नाहीत. झेरॉक्सवाल्यानेच जोडून दिला. मोठ्या मनाचा माणूस आहे, मी त्याला माफ केलं.

२१ जुलै, सकाळी

स्कॅनर खराब निघाला. प्रत्येक फोटोच्या कडेला एक हात येतो.

एका कुटुंबाचा ग्रुप फोटो, उजव्या बाजूला हात. एका पदवीधराचा फोटो, डावीकडून हात. काच पुसली, वायर बदलली, बंद करून चालू केला. हात आहेच.

२१ जुलै, दुपारी

झेरॉक्सवाल्याला बोलावलं. म्हणाला, मशीन ठीक आहे, हा अख्खी निगेटिव्ह दाखवतो. तुम्ही प्रिंट काढताना कडा कापत असाल. अर्थात कापत होतो. प्रिंट मोठी करणाऱ्या एन्लार्जरखाली फोटो नीट बसवायचा म्हणजे कडा जाणारच. मग तो म्हणाला, हात कोणाचा आहे हा?

असेल कोणाचा तरी, म्हटलं.

मनगटावर पुरुषी घड्याळ आहे आणि तबकडी आतल्या बाजूला. हात कामात अडकलेले असताना वेळ दिसावी म्हणून ही तसं बांधायची. फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये कागद टाकला की वेळ ती बघायची, ट्रे मी हलवायचो. हातात चेहऱ्यावर उजेड टाकायच्या रिफ्लेक्टरची कड आहे. तिचाच हात आहे. झेरॉक्सवाला गेल्यावर मी बराच वेळ तो एवढासा हात मोठा करून बघत बसलो. मोठा केला की नुसते दाणे दिसतात.

२९ जुलै

दुसरं कपाट. कोपर. खांदा. एका वराच्या कॉलरवर बोटं. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या मागच्या पडद्यावर तिची सावली, आणि जोडपं कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडे बघून हसतंय. हे मला कधी दिसलं नव्हतं.

कडा कापल्या ते बरोबरच केलं. गिऱ्हाईकाने आपल्या फोटोत रिफ्लेक्टर धरलेली बाई का घ्यावी? धंदा म्हणजे धंदा.

तरीही खोलीत कोणीतरी फ्रेमच्या जरा बाहेर उभं आहे असं सारखं वाटतं. मान वळवली की नाही. आज चहाचे दोन कप ठेवले. झेरॉक्सवाला येईल म्हणून ठेवले. तो आला नाही.

३ ऑगस्ट

लेकीने दोन वर्षांपूर्वी पाठवलेला डिजिटल कॅमेरा खोक्यातून काढला. कारण सांगून ठेवतो: वर्षभर बंद असलेलं काम परत सुरू करतोय, आणि ओळखपत्राच्या फोटोला येणारी गिऱ्हाइकं लगेच मागतात. धुलाईला थांबायची कोणाची तयारी नाही. दहा गिऱ्हाइकांपैकी एकाला डिजिटल, बाकीच्यांना फिल्म. हे माझं धोरण.

या कॅमेऱ्याची अडचण अशी की मागचा स्क्रीन दाराच्या झडपेसारखा डाव्या बाजूने उघडावा लागतो. अंगठ्याचं नख घालायचं आणि ओढायचं. नख मोडलं. असला दरवाजा कोणी काढला असेल देव जाणे.

लाइट बघण्यासाठी कॅमेरा लावला आणि सवयीने बाजूला बघून म्हटलं, बस जरा. खुर्ची रिकामीच राहिली. रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला. लाइट उत्तम होता.

१२ ऑगस्ट

धोरणात किरकोळ बदल: सगळ्यांना डिजिटल. फिल्म खास कामासाठी.

एक गोष्ट मात्र डोक्यात जाते. क्लिक केलं रे केलं की माणूस खुर्चीतून उठतो आणि म्हणतो, दाखवा. नाकावरची माशी उठायच्या आत दाखवा. पूर्वी लोक चार दिवस वाट बघायचे, आणि चार दिवसांत स्वतःचा चेहरा विसरून आनंदाने फोटो घेऊन जायचे. आता दाखवा. मग नख घाला, झडप उघडा, दाखवा. नख आता मोडत नाही. अंगठा आपणहून जातो. एवढं शिकायला तरुणांना महिने लागत असतील.

दुसरी तक्रार: या कॅमेऱ्यात माणसं ताठ येतात. सगळी जणू डॉक्टरकडे रांगेत बसलीत. सेन्सरचा दोष असणार. फिल्मवर माणसं सैल यायची.

१४ ऑगस्ट

सेन्सरचा दोष नसावा. क्लिकच्या आधी ही गिऱ्हाइकाला म्हणायची, श्वास सोडा. तेवढंच. माणूस श्वास सोडायचा, खांदे खाली यायचे, आणि मी क्लिक करायचो. मला वाटायचं, माझं टायमिंग.

आज मी स्वतः म्हणून बघितलं. बँकेतला एक साहेब होता. श्वास सोडा म्हटल्यावर त्याने जीभसुद्धा बाहेर काढली.

२० ऑगस्ट

डार्करूम आवरली. तात्पुरती. कॉम्प्युटरला खिडकीचा उजेड चालत नाही आणि घरात उजेड नसलेली खोली तेवढीच. जुनी केमिकल्स फेकून दिली, मुदत संपलीच होती. एन्लार्जर कोपऱ्यात उभा आहे, त्यावर छत्री छान अडकते. लाल दिवा काढून पांढरा लावला.

पांढऱ्या दिव्यात ही खोली मी पहिल्यांदाच नीट पाहिली. ट्रेच्या टेबलाशेजारी भिंतीवर एक तपकिरी डाग आहे, माझ्या छातीच्या उंचीला. ही तिथे खांदा टेकून घड्याळ बघत उभी राहायची. इतकी वर्षं टेकून टेकून भिंत तेवढीच गुळगुळीत झालीय. तिथे रंग मारायला हवा.

ठराव: रविवारी रंग.

२४ ऑगस्ट, रविवार

रंग मारला नाही. कॉम्प्युटरची खुर्ची डागाकडे पाठ करून ठेवली होती, ती फिरवून घेतली. पाठीला वारा लागत होता.

२७ ऑगस्ट

लेकीचा मेसेज: सापडला का? मी कळवलं: निवड चालू आहे, खूप आहेत.

तिन्ही कपाटं संपली. पण मी हात टेकणाऱ्यातला नाही. झेरॉक्सवाल्याकडून जोडाजोडीचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. डोकं लढवलं: एका फ्रेममध्ये कान आहे, एकात हनुवटी, एका बारशाच्या फोटोत आरशात अर्धा गाल, ओळखपत्रावरचे डोळे. सगळं एकत्र जोडायचं. फिल्मच्या जमान्यात हे कोणाच्या बापाला जमलं नसतं.

३० ऑगस्ट

जोडलं. झेरॉक्सवाल्याला दाखवलं. तो स्क्रीनजवळ वाकला. मग त्याने हळूच विचारलं, तुमच्या बहिणीचा का?

मला बहीण नाही. मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. कान तिचा, गाल तिचा, हनुवटी तिची, आणि सगळं मिळून एक अनोळखी बाई माझ्याकडे रोखून बघत होती. डिलीट दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढून टाकायचं का?

कात्रीने मला असं कधी विचारलं नाही.

३ सप्टेंबर

कात्रीचं वाक्य लिहून गेलो आणि चार दिवस तेच डोक्यात आहे. लिहून टाकतो.

प्रत्येक रोलची पहिली फ्रेम आम्ही लाइट बघायला वापरायचो. गिऱ्हाईक यायच्या आधी ही खुर्चीत बसायची. फोटो काढतो म्हटलं की नको म्हणायची, पण लाइट बघायचाय म्हटलं की हातातलं काम टाकून बसायची. सरळ माझ्याकडे बघायची. मी क्लिक करायचो, ती उठून रिफ्लेक्टर धरायची. फिल्म धुतली की मी ती फ्रेम कापून टाकायचो. निगेटिव्हच्या पाकिटात सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या बसतात. रोलमधून सदतीस निघतात, ही एक जास्तीची. कुठे बसवणार? प्रत्येक नीटनेटका फोटोग्राफर हेच करेल.

लेकीला मी खोटं बोललो नव्हतो. हजारो काढले. तिचा जितका चेहरा मी लेन्समधून पाहिला तितका कोणाचाच नाही. आणि दर वेळी कचऱ्याच्या डब्यात. डबा रिकामा करायचं कामही तिचंच होतं. कधी एक शब्द बोलली नाही.

आज काम केलं नाही.

९ सप्टेंबर, दुपारी साडेबारा

सापडली. सापडली.

पंखा पुसायला शिडी घ्यावी म्हणून माळ्याखालचं कपाट उघडलं तर माझा जुना कॅमेरा. फोटो मोजणारा काउंटर एकवर उभा. म्हणजे आत रोल आहे आणि लाइटची फ्रेम काढून झालीय. मग आठवलं. शेवटचं काम म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापकांचं, निवृत्तीचा फोटो. ही खुर्चीत बसली, मी लाइट बघितला, आणि मुख्याध्यापक आलेच नाहीत. त्यांना फोटोच नको होता, निवृत्त व्हायचंच नव्हतं. त्याच आठवड्यात हिला दवाखान्यात न्यावं लागलं. कॅमेऱ्याला मी पुन्हा हात लावला नाही.

म्हणजे एक फ्रेम आहे. न कापलेली. समोर बघणारी. त्या दिवशी हिने निळा ड्रेस घातला होता आणि डोक्याचं दुखणं कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या मुख्याध्यापकाचं भलं होवो.

१० सप्टेंबर

झेरॉक्सवाला म्हणतो, आजच रोल काढा आणि धुवा. उतावळा माणूस. पहिली गोष्ट, केमिकल्स मागवावी लागतील, मीच फेकली. दुसरी, रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही हा माझा आयुष्यभराचा नियम. तिसरी आणि मुख्य: मला कल्पना सुचलीय. लेक येतेय. उरलेला रोल तिच्यावर संपवायचा, त्याच खुर्चीत, त्याच उजेडात. एका रोलवर पहिली आई, पुढे लेक. असली गोष्ट डिजिटलवाल्यांना सात जन्मांत जमणार नाही.

लेकीला कळवलं: मिळाला. असा मिळाला की बघशील.

तिने विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, वाट बघायला शीक.

२२ सप्टेंबर

केमिकल्सची ऑर्डर दिली. कॅमेरा टेबलावर ठेवलाय. रोज पुसतो. मधूनच कानाला लावतो. आत काही हलत नाही, पण आत कोणी आहे हे माहीत असलं की घर तितकं रिकामं वाटत नाही. आज त्याला म्हटलं, चहा टाकतो. बोलून गेलो. माणूस कॅमेऱ्याशी बोलतोच.

गिऱ्हाइकं बरी चाललीत. क्लिक, झडप, दाखवा. अंगठा एकदम तयार झालाय.

२७ सप्टेंबर

लेक आली. डार्करूममधला कॉम्प्युटर बघून हसली, बाबा, शेवटी झालातच डिजिटल. मी सांगितलं, साधन बदललं, माणूस तोच.

स्कॅन केलेले फोटो चाळत बसली. पदवीधराच्या फोटोतल्या घड्याळाच्या हातापाशी थांबली. त्या हातावर स्क्रीनवरच बोट ठेवलं. म्हणाली, मला हाच मोठा करून द्या, भिंतीवर हाच लावते. मी म्हटलं, वेडी आहेस का, भिंतीवर कोणी मनगट लावतं का? उद्या रोल संपवतो, अख्खी आई देतो. ती म्हणाली, बरं. पण परत परत तोच फोटो उघडून बघत होती.

डागाजवळून जाताना तिनेही तिथे खांदा टेकला.

२८ सप्टेंबर

सकाळी खुर्ची जागेवर ठेवली. पडदा बांधला. लेक बसली. हिच्यासारखीच बसते, पाय आत घेऊन. जुना कॅमेरा डोळ्याला लावला आणि वाटलं, पूर्वीचं सगळं परत आलं. हाताला वजन ओळखीचं. मी म्हटलं, श्वास सोड. माझाच आवाज, पण म्हटल्याची पद्धत हिची. तिचे खांदे खाली आले. क्लिक केलं. आयुष्यात इतका चांगला फोटो मी काढला नसेल.

लेक खुर्चीतून उठली आणि म्हणाली, दाखवा ना.

अंगठा गेला. नख बाजूच्या खाचेत गेलं. जुन्या कॅमेऱ्यालाही झडप आहे, डाव्याच बाजूला, आणि तिची खिट्टी कधीचीच ढिली झालीय. मी उघडून लेकीसमोर धरली.

आत स्क्रीन नव्हता. गुळगुळीत तपकिरी फिल्म, गुंडाळलेली. खिडकीतून ऊन सरळ त्यावर पडलं होतं.

लेक वाकून बघायला लागली. म्हणाली, हे आहे होय आत? किती छान चमकतंय.

मी झडप लावली. म्हटलं, धुतल्यावर कळेल.

२९ सप्टेंबर

लेक गेली. तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाहीच. हिची फ्रेम पहिली, म्हणजे गुंडाळीत आत. तिच्यावर लेकीच्या फ्रेमचा वेढा आहे. आईच्या अंगावर लेकीने पांघरूण घातल्यासारखंच झालं. न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की ती जळते, पण एवढ्याशा उजेडाने काय होतंय? मी किती वेळ उघडी ठेवली? डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद केली. जवळजवळ.

फिल्म चिवट असते. डिजिटलसारखी नाजूक नसते.

२ ऑक्टोबर

केमिकल्स अजून नाहीत. लेकीचा फोन, खिळा मारून ठेवलाय. चांगली, मोठी जागा ठेवलीय म्हणाली. मी म्हटलं, मोठीच लागेल.

झेरॉक्सवाल्याला झडपेचं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. त्याने आज चहा पूर्ण प्यायला आणि कप विसळून ठेवला.

७ ऑक्टोबर

केमिकल्स आली. कॉम्प्युटरवर चादर टाकली, पांढरा दिवा बंद केला, दाराच्या फटीत कापड कोंबलं. अंधारात फिल्म चक्रीवर चढवली, चक्री टाकीत बंद केली आणि मग दिवा लावला. हात विसरले नव्हते. वेळ बघायला हिचं घड्याळ बांधलं, तबकडी आत. डेव्हलपर ओतला. डागाला खांदा टेकून उभा राहिलो. माझ्या उंचीला जरा वाकावं लागतं. ती एवढीशीच होती हे मी विसरलो होतो.

फिल्म धुऊन बाहेर काढली. पहिल्या टोकापासून काळी. आई काळी, लेक काळी, पुढे थोडी तशीच. मग कोरी, काहीच न काढलेली.

दोनदा धुतली. धुऊन काळं जात नाही हे मला माहीत आहे.

८ ऑक्टोबर

लेकीला फोन केला. म्हटलं, आई आली नाही. माझ्याकडून झडप उघडली गेली. ती म्हणाली, श्वास सोडा बाबा. मग म्हणाली, तो हाताचा पाठवा.

प्रिंट काढली. अख्खी, कडेपर्यंत. मधला पदवीधर आहे तसा राहू दिला. त्याला काय, लेकीच्या हॉलमध्ये राहील बापडा.

वाळलेली फिल्म खाली उतरवली. कात्री घेतली आणि पहिली फ्रेम कापली. बाकीचा रोल डब्यात टाकला. फ्रेम खिडकीसमोर धरली. काही दिसत नाही. पाकिटात जागा नाही, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली.

दुपारी दोन गिऱ्हाइकं होती, ओळखपत्राची.